काउन्सेलिंगला गेलं की टर्म इन्शुरन्स का अडतो?

२२ सप्टेंबर २०२५ला वैयक्तिक जीवन विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला आणि टर्म प्लॅनच्या जाहिरातींना ऊत आला. एक कोटीचं कव्हर, महिन्याला अमुक रुपये, पाच मिनिटांत पॉलिसी. पाच मिनिटांत अर्ज भरून होतो हे खरं. पॉलिसी मिळेलच असं मात्र नाही, आणि ती न मिळण्याचं एक कारण भल्याभल्यांना चक्रावून टाकतं.

समजा, पुण्यात नोकरी करणारी बत्तीस वर्षांची एक बाई आहे. सिगारेट नाही, शुगर नाही, बीपी नाही. दोन वर्षांपूर्वी वडील अचानक गेले, झोप उडाली, कामात लक्ष लागेना, म्हणून काही महिने काउन्सेलरकडे गेली. मध्ये डॉक्टरांनी थोडे दिवस झोपेची गोळी दिली. आता सगळं सुरळीत आहे. अर्जात तिने खरं तेच लिहिलं. काही दिवसांनी मेल आला: सध्या आपला प्रस्ताव स्वीकारता येणार नाही. तिच्याच ऑफिसात रोज सिगारेटचं पाकीट संपवणारा सहकारी आहे. त्याला जादा हप्ता लावून पॉलिसी मिळून जाते.

हा अन्याय की हिशोब? दोन्ही आहे. हिशोब कुठे संपतो आणि कंपनीचा आळस कुठे सुरू होतो, ते समजून घेतलं की पुढचं पाऊल नीट टाकता येतं.

कंपनी नेमकं काय मोजते

टर्म प्लॅन म्हणजे निव्वळ मृत्यूचा विमा. मुदतीत माणूस गेला तर घरच्यांना रक्कम मिळते, नाही गेला तर काही परत येत नाही. समजा एकाच वयाच्या दहा हजार लोकांनी प्रत्येकी एक कोटीचा विमा घेतला आणि वर्षभरात त्यातले दहा जण जातील असा अंदाज आहे. म्हणजे कंपनीला दहा कोटी द्यावे लागणार. ते दहा हजारांत वाटले की माणशी दहा हजार रुपये. त्यावर कंपनीचा खर्च, एजंटचं कमिशन आणि नफा चढवला की झाला हप्ता. दहाऐवजी अकरा जण गेले तर प्रत्येकामागे आणखी हजार रुपये लागतात. म्हणून कोणाचा धोका किती, हे कंपनी आधीच चाळून बघते. या चाळणीला अंडररायटिंग म्हणतात.

चाळणीतून चार निकाल निघतात. नेहमीच्या हप्त्यात मंजूर, जादा हप्ता लावून मंजूर, अर्ज सहा महिने किंवा वर्षभर पुढे ढकलला, किंवा सरळ नकार.

सिगारेट ओढणाऱ्याचं काय होतं याचे आकडे कंपन्यांकडे कित्येक दशकांचे आहेत, म्हणून त्याच्या धोक्याला भाव लावता येतो. काउन्सेलिंगला असा तयार भाव नाही. एका माणसाचं काउन्सेलिंग घटस्फोटाच्या दुःखापुरतं असतं, दुसऱ्याचं आत्महत्येच्या प्रयत्नानंतरचं. शब्द तोच, धोका जमीन-अस्मानाचा. तो वेगळा काढायला चौकशी करावी लागते, आणि गाडी अडते ती इथेच.

एका चौकटीत दहा आजार

बऱ्याच अर्जांत प्रश्न साधारण असा असतो: फिट्स, पक्षाघात, नैराश्य, चिंता, मानसिक ताण किंवा मेंदू-मज्जासंस्थेचा अन्य कोणताही विकार कधी झाला आहे का, त्यासाठी सल्ला किंवा उपचार घेतले आहेत का? पुढे दोनच चौकटी, हो आणि नाही. वडील गेल्यावर चारदा काउन्सेलरशी बोलून आलेली बाई आणि पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला गृहस्थ एकाच चौकटीवर टिक करतात.

‘हो’ केलं की बहुधा फोन येतो. याला टेली-मेडिकल म्हणतात. पलीकडे डॉक्टर असतो, पण तोही समोरच्या यादीवरूनच विचारतो. संवाद काहीसा असा होतो:

‘मॅडम, काउन्सेलिंग कशासाठी घेतलंत?’

‘वडील वारले होते. फार त्रास झाला तेव्हा.’

‘म्हणजे डिप्रेशन होतं?’

‘तसं कोणी म्हटलं नव्हतं. पण हो, मन लागत नव्हतं.’

‘गोळ्या चालू होत्या?’

‘झोपेची होती, थोडे दिवस.’

‘नाव सांगा.’

‘आता आठवत नाही हो.’

‘फाईल, प्रिस्क्रिप्शन काही आहे?’

‘नाही, काउन्सेलरकडे कसली फाईल असणार?’

एवढ्या बोलण्यातून कंपनीच्या कागदावर उतरतं ते हे: नैराश्याचा पूर्वेतिहास, औषध अज्ञात, कागदपत्रं उपलब्ध नाहीत. ज्याने निर्णय घ्यायचा तो अंडररायटर तिला कधी भेटत नाही. त्याच्यापुढे ही एक ओळ असते आणि शंभर फायली खोळंबलेल्या असतात. होकार दिला आणि तो चुकला, तर कोटीचा क्लेम आणि वरून जाब. नकार चुकला तर त्याला कोणी काही विचारत नाही. त्या खुर्चीत बसलेल्या कोणालाही नकार स्वस्त वाटणार.

मोठ्या रकमांच्या बाबतीत आणखी एक गाठ असते. सगळा धोका कंपनी एकटी पेलत नाही, त्याचा काही भाग पुनर्विमा कंपनीकडे म्हणजे विमा कंपनीच्याच विमा कंपनीकडे जातो. मग नियमही बरेचसे तिथून येतात. त्यामुळे एक कोटीला नाही म्हणणारी कंपनी कधी कधी पंचवीस लाखांना हो म्हणते.

कंपनीची भीती अगदीच खोटी आहे का?

नाही. स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांसारखा तीव्र मानसिक आजार असलेली माणसं सर्वसाधारण लोकांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात आत्महत्या आहेत, पण हृदयविकार आणि दुर्लक्षित राहिलेले शरीराचे इतर आजारही आहेत. आत्महत्येचे आकडे तर आपल्या दारातले आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे, आणि राज्यांमध्ये पहिला क्रमांक महाराष्ट्राचा: २२,७४६.

यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, आत्महत्येची अट पॉलिसीत आधीच असते ना? असते, पण ती पहिल्या बारा महिन्यांपुरती. त्या काळात आत्महत्या झाली तर विम्याची रक्कम मिळत नाही. साध्या टर्म प्लॅनमध्ये भरलेल्या हप्त्यांपैकी किमान ८० टक्के परत मिळतात. वर्ष उलटलं की आत्महत्येनंतरही कंपनीला पूर्ण रक्कम द्यावी लागते. कंपनीला धास्ती असते ती दुसऱ्या वर्षापासूनची.

तेव्हा विचारायलाच नको असं माझं म्हणणं नाही. तीव्र आजार, इस्पितळात भरती, स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न, दारूचं व्यसन, हे विचारलंच पाहिजे. अंडररायटरला ते कळायलाही हवं. माझा आक्षेप ‘सल्ला घेतला का’ या तीन शब्दांना आहे. आजार आणि मदत मागणं या दोन्हींना एकच वजन दिलं की विहिरीचं पाणी तपासून घेणाऱ्याच्या दारावर ‘पाणी खराब’ अशी पाटी लागते, आणि ज्याने कधी तपासलंच नाही त्याचं पाणी शुद्ध धरलं जातं. बंगळुरूच्या निम्हान्सने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांपैकी दहाहून अधिक जणांना त्या घडीला कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचं दिसलं. वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. म्हणजे अर्जात अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहून नेहमीच्या हप्त्यात पॉलिसी घेऊन गेलेल्यांत असे कितीतरी लोक असणार. त्यांचा धोका कंपनी आजही पेलतेच आहे, फक्त तिला तो दिसत नाही. सहा महिने उपचार घेऊन बरा झालेला तेवढा दिसतो, म्हणून अडवला जातो.

पण कायद्याने असा भेदभाव करता येत नाही ना?

इथे फार मोठा गैरसमज आहे. लोक २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याकडे बोट दाखवतात. त्याच्या कलम २१(४) मध्ये खरोखरच लिहिलं आहे की शारीरिक आजाराच्या उपचारांसाठी ज्या पायावर विमा मिळतो, त्याच पायावर मानसिक आजाराच्या उपचारांसाठीही तो द्यावा. पण कलमातला शब्द आहे वैद्यकीय विमा. म्हणजे इस्पितळाचं बिल भरणारा, आपण ज्याला मेडिक्लेम म्हणतो तो. जीवन विमा त्यात येत नाही.

मेडिक्लेमच्या बाबतीत या कलमाने हळूहळू का होईना काम केलं. कायदा २९ मे २०१८ला लागू झाला आणि ऑगस्टमध्ये विमा नियामक आयआरडीएआयने कंपन्यांना तो पाळायला सांगितलं. तरी कंपन्या टाळाटाळ करत राहिल्या. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका रुग्णाचा अडवलेला क्लेम द्यायला लावला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामकाला पुन्हा मुदत घालून द्यावी लागली. हे सगळं उपचारांच्या बिलांपुरतं. टर्म प्लॅन कोणाला द्यायचा हे कंपनी आपल्या संचालक मंडळाने मंजूर केलेल्या धोरणानुसार ठरवते, आणि ते धोरण ग्राहकाला वाचायला मिळत नाही.

याच २०१७ साली संसदेने एचआयव्ही-एड्सबाबतचा कायदाही केला. त्यात म्हटलं आहे की एचआयव्हीग्रस्ताला विमा नाकारणं किंवा त्यात दुजाभाव करणं हा भेदभाव आहे, अपवाद फक्त विमागणिताच्या अभ्यासाचा आधार असेल तेव्हाचा. म्हणजे नकार द्यायचा तर आकडे दाखवा. मानसिक आरोग्याच्या कायद्यात जीवन विम्यासाठी अशी एक ओळ नाही. दोन्ही कायदे एकाच वर्षातले! ती ओळ असती तर आपल्या पुण्याच्या बाईला मेलच्या उत्तरात एवढंच विचारता आलं असतं: पितृशोकासाठी काउन्सेलिंग घेतलेल्या बत्तीस वर्षांच्या बाईचा धोका किती टक्के जास्त, ते दाखवा.

मानसिक आजाराची व्याख्याही याच कायद्यात आहे. निर्णयशक्ती, वागणूक, वास्तवाचं भान किंवा रोजचे व्यवहार ज्याने गंभीरपणे बिघडतात असा विचारांचा, मनःस्थितीचा किंवा स्मृतीचा मोठा विकार, असा तिचा आशय. दुःखात कोणाशी तरी बोलून मोकळं होणं यात बसत नाही. पण विमा कंपनीचा अर्ज या व्याख्येला बांधलेला नाही, तो त्याहून पुष्कळ ऐसपैस विचारतो.

मग सांगायचंच कशाला?

एजंट हेच सुचवतो. ‘ताई, तो कॉलम सोडा, मी सगळीकडे नाही करतो, काही होत नाही.’ खरंच काही होत नाही, जोवर कोणी मरत नाही तोवर.

विमा कायदा १९३८च्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसी सुरू झाल्यापासून तीन वर्षं उलटली की कंपनीला ती कोणत्याही कारणाने उपटून काढता येत नाही. ही मोठी ढाल आहे, आणि २०१५च्या दुरुस्तीने ती आणखी भक्कम झाली. पण तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला तर कंपनी तपास करते. माणूस दवाखान्यात, मेडिकलच्या दुकानात, ऑफिसात पाठवते. महत्त्वाची माहिती दडवल्याचं दिसलं तर क्लेम नाकारू शकते. मृत्यू अपघाताने झाला, काउन्सेलिंगचा संबंध काय, एवढ्या युक्तिवादावर सुटका होईलच असं नाही. कंपनीला फक्त एवढं दाखवायचं असतं की हे माहीत असतं तर आम्ही पॉलिसी दिलीच नसती.

कलमातली आणखी एक बारीक तरतूद फार बोचरी आहे. दडवणूक फसवणुकीच्या हेतूने झाली असा आरोप असेल आणि पॉलिसीधारक हयात नसेल, तर फसवणूक नव्हती हे सिद्ध करायची जबाबदारी वारसांवर येते. म्हणजे नवरा गेल्यावर महिन्याभरात बायकोने सिद्ध करायचं की त्याने ‘नाही’ लिहिलं ते मुद्दाम नव्हे. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्याच गळ्यात ते लोढणं. शिवाय पॉलिसी बंद पडून पुन्हा चालू केली तर तीन वर्षांचं घड्याळ नव्याने सुरू होतं, हेही एजंट सांगत नाही.

‘अर्ज एजंटने भरला, मी नुसती सही केली’ यावरही विसंबू नका. न वाचता सही केली म्हणून जबाबदारी सहसा टळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या एका निकालात स्पष्ट केलं आहे. मात्र कलम ४५ मध्येच असंही लिहिलं आहे की पॉलिसी विकणारा माणूस करार होताना कंपनीचा एजंट मानला जाईल. त्यामुळे काउन्सेलिंगची माहिती त्याला तोंडी देऊ नका. ईमेल करा, निदान व्हॉट्सॲपवर लिहा आणि ते जपून ठेवा.

म्हणजे काउन्सेलिंगच टाळावं?

मुळीच नाही. विम्याच्या भीतीने उपचार पुढे ढकलणं हा सगळ्यात महाग सौदा आहे. आता त्रास होत असेल तर आता जा, पॉलिसीचं नंतर बघता येतं. फोनवर बोलून सुरुवात करायची असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

‘माझ्या काउन्सेलिंगची बातमी कंपनीपर्यंत पोचते का?’ हेही लोक विचारतात. आपोआप नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, डॉक्टर किंवा काउन्सेलर परस्पर काही कळवू शकत नाही. पण विम्याच्या अर्जावरच ‘माझ्या डॉक्टरांकडून माहिती घेण्यास संमती’ अशी ओळ असते आणि आपण तिच्याखाली सही करतो.

अर्ज करण्याआधी

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: एकाच वेळी चार कंपन्यांकडे अर्ज टाकू नका. जवळपास प्रत्येक अर्जात विचारलेलं असतं की याआधी कुठल्या कंपनीने तुमचा प्रस्ताव नाकारला, पुढे ढकलला किंवा जादा हप्ता लावला आहे का. एक नकार आला की पुढच्या प्रत्येक अर्जात तो सांगावा लागतो, आणि नकार बघून नकार येतो. त्याऐवजी चांगल्या ब्रोकरला गाठा. नाव न देता, केस अशी अशी आहे, घ्याल का, असं तो कंपन्यांना आधी विचारू शकतो. ब्रोकर कायद्याने ग्राहकाच्या बाजूचा असतो, एजंट कंपनीचा. हा फरक अशाच वेळी कामाला येतो.

दुसरी गोष्ट कागद. टेली-मेडिकलवाल्याला आठवणीतून उत्तरं देऊ नका. डॉक्टरांकडून किंवा काउन्सेलरकडून एक पानी पत्र घ्या: त्रास काय होता, कशामुळे सुरू झाला, कधीपासून कधीपर्यंत भेटी झाल्या, औषध दिलं असेल तर नाव, डोस आणि बंद केल्याची तारीख. निदान झालंच नसेल तर ‘कोणत्याही मानसिक आजाराचं निदान केलेलं नाही’ हे वाक्य त्यात हवंच. इस्पितळात भरती नाही, स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न नाही, नोकरीत खंड नाही, हेही खरं असेल तर लिहून घ्या. अंडररायटर शोधतो त्या गोष्टी जवळपास याच असतात. त्या आयत्या हातात पडल्या की नकारासाठी त्याला कारण शोधावं लागतं. उपचार नुकतेच संपले असतील तर काही महिने थांबून अर्ज करणं बरं, कारण ताज्या फाईलला ‘पुढे ढकला’ हा शेरा ठरलेला असतो.

तरीही नकार आला तर कारण लेखी मागा आणि त्यात चूक असेल तर पत्र जोडून फेरविचाराची विनंती करा. उत्तर मिळालं नाही तर कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी, आणि मग आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल. विमा लोकपालाकडे ५० लाखांपर्यंतच्या क्लेमचे वाद मोफत नेता येतात. पण अमक्याला विमा द्याच, असा हुकूम तिथून मिळेल ही आशा फोल आहे. करार दोघांच्या मर्जीचा असतो आणि कंपनीची मर्जी नसेल तर आजचा कायदा तिला हलवत नाही.

तोवर ज्या विम्यात आरोग्याचे प्रश्नच नसतात तो आधी गोळा करा. ऑफिसचा ग्रुप टर्म विमा एका मर्यादेपर्यंत काही न विचारता मिळतो, नोकरी सुटली की तो जातो एवढं लक्षात ठेवा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत १८ ते ५० वयाच्या कोणालाही बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापून दोन लाखांचं कव्हर मिळतं, वैद्यकीय तपासणी लागत नाही. आणि पीएफ कापला जात असेल तर ईडीएलआय नावाचा विमा तुमच्याकडे आधीच आहे. नोकरीत असताना मृत्यू झाला तर कुटुंबाला सात लाखांपर्यंत रक्कम मिळते, हप्ता मालक भरतो आणि तुमच्या मनाची चौकशी कोणी करत नाही. फक्त ईपीएफओच्या पोर्टलवर जाऊन ई-नॉमिनेशन तपासा. लग्नाआधी भरलेलं नॉमिनेशन लग्नानंतर बाद ठरतं आणि नवं भरावं लागतं.